कवळी आणि टायमिंग चेन

माझ्या वरातीत बँडवाले दोन गाण्यांच्या मध्ये दम खायला थांबले, तेवढ्या वेळात मला कळलं की ज्या गाडीत मी नवरी होऊन बसले आहे तिची टायमिंग चेन सैल झाली आहे.

सांगणार कोणाला? कपाळावर मुंडावळ्या, अंगावर शालू, शेजारी घामाने निथळणारा नवरा. नवऱ्याशी आयुष्यातलं पहिलं खासगी वाक्य म्हणून "तुमच्या इंजिनाचं पुढचं झाकण खोला" असं काही बोलता येत नाही. विरारच्या हॉलपासून आगाशीपर्यंत सासऱ्यांची ती जुनी गाडी बँडच्या मागून मुंगीच्या चालीने चालली होती. गोल दिव्यांची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली गाडी. चारही बाजूंनी झेंडूच्या माळा, पुढे केळीचे दोन खांब. आणि बँड थांबला की बॉनेटखालून खळखळ, खळखळ, खळखळ.

माझ्या वडिलांचं साताऱ्याच्या बाहेर हायवेला गॅरेज होतं. मी दुसरीत असल्यापासून शाळा सुटली की दप्तर तिथेच टाकायची. दहावीपर्यंत मला इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखता यायला लागलं, आणि बारावीपर्यंत ते बरंही करता यायला लागलं. वडील कौतुकाने गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि आई कपाळाला हात लावायची. लग्न ठरल्यावर आईने मला देवासमोर बसवून शपथ घ्यायला लावली. सासरी गॅरेजचं नाव काढायचं नाही, विचारलं तर वडिलांचा धंदा आहे एवढंच सांगायचं. नखांत काळं असलेली सून कोणाला आवडत नाही म्हणे. लग्नाआधी पंधरा दिवस तिने मला लिंबाच्या फोडी नखांवर घासायला लावल्या होत्या.

ज्यांना इंजिन म्हणजे बॉनेटखालचा अंधार एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी सांगते. त्या गाड्यांच्या इंजिनाला पुढच्या अंगाला एक पत्र्याचं झाकण असायचं. त्याच्या आत दोन दातेरी चाकं, एक खाली छोटं, एक वर मोठं, आणि दोघांना जोडणारी सायकलसारखी चेन. खालचं चाक इंजिनाबरोबर फिरतं, वरचं चाक इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतं आणि मिटतं. चेन झिजून लांबली की झाकणाच्या आतल्या अंगावर आपटायला लागते. गाडी जागेवर उभी असली की खळखळ, ॲक्सिलरेटर दाबला की गप्प, पाय काढला की पुन्हा सुरू. असंच चालू ठेवलं तर एखाद्या दिवशी चेन दातावरून उडी मारते आणि गाडी रस्त्यात बसते. माझ्या वरातीतली गाडी त्या दिवसाच्या फार लांब नव्हती.

घरात आल्यावर पहिल्या आठवड्यातच मला आणखी एक गोष्ट कळली, आणि मी चक्रावले. सासरे आगाशीतले इंजिनांचे डॉक्टर होते.

तीस वर्षं मुंबईच्या एका गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, त्यांनी फिटरचं काम केलं होतं. गिरणी बंद पडल्यावर गावी येऊन वाडी बघायला लागले. केळी, सुपारी, थोडी पानवेल. पण त्यांचा खरा मान होता तो इंजिनांमुळे. रविवारी सकाळी अंगणात रांग लागायची. कोणाची स्कूटर, कोणाची रिक्षा, कोणी विहिरीवरचं पंपाचं इंजिन बैलगाडीत घालून आणायचं. सासरे खुर्ची पुढे ओढून बसायचे. वेताची एक हातभर काठी होती. तिचं एक टोक चालू इंजिनाला टेकवायचे आणि दुसरं टोक दातांत घट्ट धरायचे. मग डोळे मिटायचे. सगळं अंगण चिडीचूप. मिनिटभराने काठी काढून निदान सांगायचे, आणि लोक ते घेऊन मेकॅनिककडे जायचे, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जातात तसे. पैसे घेत नसत. कोणी सुकेळी ठेवून जायचं, कोणी पापलेटं.

दातांत काठी धरून ऐकणं मला नवीन नव्हतं. वडिलांच्या गॅरेजातही एक म्हातारा मिस्त्री असंच करायचा, लांब स्क्रूड्रायव्हर दातांत धरून. हादरा हाडांतून थेट डोक्यात जातो आणि बाहेरचा गोंगाट मध्ये येत नाही. तेव्हा सासऱ्यांची पद्धत खरी होती. पण चार रविवार पडद्याआडून ऐकल्यावर मला निदानाचं हसू यायला लागलं.

स्कूटर आली. "कार्बोरेटर साफ करा." रिक्षा आली. "कार्बोरेटर साफ करा." एका मोटरसायकलचा सायलेन्सर फुटला होता, ते मला स्वयंपाकघरात पोळी लाटताना ऐकू आलं. तिलाही कार्बोरेटर. आगाशीतल्या सगळ्या इंजिनांना एकच साथ लागली होती. कार्बोरेटर साफ केल्याने कुठल्याही गाडीचं थोडंफार भलंच होतं, त्यामुळे तक्रार येत नव्हती.

आणि स्वतःची गाडी? ती रोज सकाळी अंगणात खळखळायची. सासरे शांतपणे शेजारी उभे राहून काच पुसायचे.

मी आडून आडून सुचवायला लागले. "बाबा, गाडीत परात ठेवलीय का कोणी? वाजतेय." ते म्हणाले, डिकीतला जॅक असेल. मी दुपारी डिकी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "बाबा, जॅक तर घरात आहे, तरी वाजतंय." ते म्हणाले, नंबरप्लेट असेल. मी नंबरप्लेटचे स्क्रू आवळले. मग आरशाची पाळी, मग दाराच्या कडीची. पंधरा दिवसांत त्या गाडीचं बाहेरचं एक अंग ढिलं राहिलं नाही, आणि आतली चेन होती तिथेच होती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "बाबांनी सांगितलं ना ठीक आहे? मग ठीक आहे." तो बँकेत नोकरीला होता. साहेबाने सही केली की प्रश्न संपला, अशी त्याची समजूत होती.

शेवटी माझाच धीर सुटला. एका दुपारी नवरा बँकेत, सासूबाई आडव्या झालेल्या, सासरे ओटीवर गाडीकडे पाठ करून सुपारी कातरत बसलेले. मी पदर खोचला, गाडीतला पाना काढला आणि बॉनेट उघडलं.

चेन किती सैल झाली आहे हे झाकण न उघडताही कळतं. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने थोडं पुढे फिरवायचं, मग मागे. वर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतला, वरच्या चाकाबरोबर फिरणारा रोटर बघायचा. चेन ताठ असली तर पुली हलली की रोटर लगेच हलतो. सैल असली तर पुली फिरते आणि रोटर आळशासारखा बसून राहतो. अडचण एवढीच की पाना खाली, रोटर वर, आणि माझी मान एकच. मी वाकून पाना फिरवत होते आणि मान वर करून रोटर बघायला धडपडत होते. तेवढ्यात आवाज आला, "काय करतेस गं?"

सासूबाई उशाला हात घेऊन झोपलेल्या होत्या, त्या कधी उठून आल्या कळलंच नाही. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. आईची शपथ, लिंबाच्या फोडी, सगळं पाण्यात.

"बाबांच्या गाडीची नाडी बघतेय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग बॉनेटमध्ये पाहिलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "मी काय करू?"

त्या क्षणापासून मी त्या बाईच्या प्रेमात पडले ती आजतागायत. मी त्यांना रोटर दाखवला आणि सांगितलं, हा हलला की सांगा. मी खाली पाना मागे घेतला. थोडा, आणखी थोडा, आणखी. वरून काही नाही. "आई?" "नाही गं, बसलाय अजून." आणखी ओढला. "हां! आत्ता हलला मेला!" पुली चांगली दोन बोटं सरकली होती. आता शंकाच उरली नव्हती. त्या आनंदात माझ्या तेलकट हातातून पाना सटकला आणि खाली टाकलेल्या पत्र्यावर असा काही आदळला की सुपारीवरचे कावळे उडाले.

सासरे सुपारी कातरत राहिले.

त्यांची पाठही हलली नाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मग स्वतःलाच हसू आल्यासारखं बोट काढून घेतलं. ओठांवर बोट कशाला ठेवायचं?

"तीस वर्षं साच्यांत गेली," त्या म्हणाल्या. "कान तिथेच ठेवून आलेत. तिथे सगळेच ओठांवरून बोलणं ओळखायचे. इथे आल्यावर कोणाला सांगितलं नाही. तोंडासमोर बोललं की सगळं कळतं त्यांना. पाठीमागून बोललं की लोक म्हणतात, मानी आहेत, उत्तर देत नाहीत."

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. "समोर येऊन बोल" असं ते सगळ्यांना दरडावायचे ते. सासूबाई जेवताना नेहमी त्यांच्या समोरच बसायच्या ते. "आणि ह्यांना माहीत आहे?" मी नवऱ्याबद्दल विचारलं. "त्याला वाटतं, बाप कडक आहे," त्या म्हणाल्या.

"मग इंजिनं?"

"इंजिनं दातांनी कळायची. तेवढंच एक ऐकू यायचं बघ त्यांना. एकेक इंजिन असं ओळखायचे! पण दात किडलेले, हलणारे. पंधरा वर्षं मी काढून टाका म्हणून डोकं फोडलं, तर अंगावर यायचे. आणि तुझं लग्न ठरलं तसे स्वतःहून विरारला जाऊन सगळे काढून आले. म्हणे, मुलाच्या लग्नाच्या फोटोत बोळकं दिसायला नको." त्यांनी ओटीकडे पाहिलं. "आता त्या कवळीत काठी धरतात. आणि कवळीच खडखडते. ह्यांना कसलं इंजिन आणि कसलं काय."

मला कार्बोरेटरचं कोडं उलगडलं आणि हसायला आलं, पण ते हसू टिकलं नाही. त्या माणसाला जगातला एकच आवाज उरला होता. तो त्याने माझ्या लग्नाच्या अल्बमसाठी देऊन टाकला होता. आणि आता दर रविवारी चारचौघांत डोळे मिटून बसायचं आणि ऐकल्याचं नाटक करायचं, आज पकडले जातो की उद्या याची वाट बघत. मला माझ्याच खळखळीची लाज वाटली. परात म्हणे, जॅक म्हणे.

मी आणि सासूबाईंनी ठरवलं की गुपचूप काहीतरी करायचं. काय ते ठरायच्या आत शेजारच्या केळीवाल्या काकांनी घात केला.

काकांच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. ते धूर टाकायला लागलं म्हणून त्यांनी आणलं. सासऱ्यांनी काठी दातांत धरली, डोळे मिटले आणि सवयीने सांगून टाकलं, "कार्बोरेटर साफ करा." काका भोळेपणाने इंजिन घेऊन विरारच्या मेकॅनिककडे गेले. मेकॅनिक आधी हसला, मग शेजारच्या दुकानदाराला बोलावून दोघे मिळून हसले. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतोच. काका लाल होऊन परत आले, आणि पुढच्या रविवारी भरल्या अंगणात उभे राहिले.

"भाऊ, लोकांच्या इंजिनांचं राहू दे," ते म्हणाले. सासऱ्यांच्या समोर उभे राहून, सावकाश, एकेक शब्द. "तुमच्या स्वतःच्या गाडीचा आवाज वरच्या आळीपर्यंत येतो. पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचा साखरपुडा पापडीच्या हॉलमध्ये आहे, तुमचीच गाडी न्यायची ठरलीय. वाटेत बसली तर? आज सगळ्यांसमोर सांगा, तिला काय झालंय."

अंगणात दहा-बारा माणसं होती. नवऱ्याने गाडी चालू केली. खळखळ, खळखळ. सासरे उठले, काठी बॉनेटखाली टेकवली आणि दातांत धरली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला त्यांचा हात दिसला. काठी थरथरत होती, इंजिनामुळे की कशामुळे कोण जाणे. आणि त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

ते माझ्याकडे बघत होते.

मी ट्रे खाली ठेवला, दोन पावलं पुढे आले आणि आवाज न काढता, ओठ चांगले रुंद करून म्हटलं, टाय-मिंग चेन. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. पुन्हा म्हटलं. टाय. मिंग. चेन. शेजारची एक काकू माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "हिला काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या, "दाढ दुखतेय तिची."

सासऱ्यांनी काठी काढली. कवळी जिभेने नीट बसवली. सगळ्यांवरून नजर फिरवली.

"टायमिंग चेन," ते म्हणाले. "सैल झालीय. कितीतरी महिने झाले, मला माहीत आहे."

"मग बदलली का नाही?" काका सोडायला तयार नव्हते.

"सूनबाईची परीक्षा घेत होतो," सासरे म्हणाले. "तीच बदलणार आहे."

माझा नवरा म्हणाला, "कोण?" काका म्हणाले, "कोण?" मीही मनातल्या मनात तेच म्हटलं. सासरे घरात गेले आणि कपाटातून एक पुडकं घेऊन आले. तेलकट खाकी कागद, त्याला हिरवा सुतळीचा दोरा, आणि दोऱ्याला एक आडमुठी गाठ. ती गाठ जगात एकच माणूस मारतो. माझे वडील.

आतमध्ये कोरी चेन, दोन चाकं, झाकणाचं पॅकिंग. मी पुडकं हातात घेऊन उभी राहिले. मी ज्याला वाचवायला निघाले होते तो माणूस आधीपासून काठावर उभा राहून माझी गंमत बघत होता, एवढं मला कळलं. का, ते कळलं नाही. विचारायची सोय नव्हती, अंगणात बारा माणसं होती.

पुढच्या रविवारी फणसाखाली गाडी उभी केली. सकाळपासून आळीतली बायकामाणसं बघायला आलेली. कोणाच्या हातात निवडायची भाजी, कोणी पाट घेऊनच आलेली. मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली. पाणी सोडून रेडिएटर काढला, पंख्याचा पट्टा काढला. पुलीच्या नटाने मात्र इंगा दाखवला. तेव्हा नवऱ्याला बोलावलं, आणि बँकेत बसून मऊ झालेल्या त्या माणसाने दात-ओठ खाऊन तो सोडवला. झाकण निघालं. आतल्या बाजूने चेन घासून घासून पत्रा चकचकीत झाला होता. जुनी चेन आडवी धरली तर दोन्ही टोकं खाली लोंबली, नवी धरली तर ताठ राहिली. मी दोन्ही काकांच्या हातात दिल्या. काकांनी आलटून पालटून दोन-तीनदा बघितल्या आणि पाट ओढून खाली बसले.

या कामात सगळा जीव दोन खुणांत असतो. खालच्या चाकावर एक बारीक टिंब, वरच्या चाकावर एक. चेन घालताना दोन्ही टिंबं एकमेकांच्या समोर आली पाहिजेत. एका दाताची चूक झाली तरी इंजिनाची वेळ चुकते. नव्या चाकांवरची टिंबं फार पुसट होती. रंग नव्हता, म्हणून मी देवघरातलं कुंकू तेलात भिजवून एकेक ठिपका लावला, चाकं पाटावर ठेवली आणि हात धुऊन दोन घास खायला आत गेले.

परत येऊन बघते तर दोन्ही चाकांना पाच-पाच ठिपके, वर हळद, अक्षता आणि जास्वंदीचं फूल. नवी वस्तू गाडीला लागणार म्हणून सासूबाईंनी पूजा केली होती. माझा ठिपका बघून त्यांना वाटलं, पोरीने सुरुवात केलीय, पण घाईत एकच लावलाय.

मी रॉकेलच्या फडक्याने पुसायला गेले तर कुंकू आणखी पसरलं. ओरखड्या-ओरखड्यात लाल भरलं. आता जिथे बघावं तिथे खूणच खूण. मी चाक उन्हात धरलं, तिरकं धरलं, डोळ्यांना लावलं. कपाळावरून घाम चाकावर पडायला लागला. मागून काका म्हणाले, "काय झालं? हरवली का खूण?" सासूबाई कोपऱ्यात फूल हातात धरून उभ्या, त्यांचं तोंड एवढंसं झालेलं. मला रडू कोसळायच्या बेतात होतं. एवढ्या लोकांसमोर तोंडघशी पडण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

सासरे खुर्चीवरून उठले. त्यांनी माझ्या हातातून चाक घेतलं, लुंगीला अंगठा पुसला आणि डोळे मिटले. अंगठा चाकाच्या कडेने हळूहळू फिरला. एकदा थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"ही," ते म्हणाले.

दुसरं चाक घेतलं. "ही."

मी त्या जागांवरून नख फिरवून पाहिलं, बारीकसा खळगा लागला. दोन्ही बरोबर. तीस वर्षं साच्यांचे दात त्या अंगठ्याने जुळवले होते. कवळीने कान नेले होते, पण अंगठा जागेवर होता. अंगणात कोणीतरी "व्वा" म्हटलं, ते त्यांना ऐकू आलं नाही. मी त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, "व्वा म्हणतायत." तेव्हा ते हसले.

चाकं बसवली, चेन घातली, टिंबाला टिंब भिडवलं. पान्याने इंजिन हातानेच दोन फेरे फिरवून पाहिलं, टिंबं पुन्हा समोरासमोर येऊन उभी राहिली. पॅकिंग, झाकण, पुली, रेडिएटर, पाणी. चार वाजता नवऱ्याने स्टार्टर मारला. गाडी सुरू झाली, आणि इतकी गप्प सुरू झाली की नवऱ्याने बंद पडली समजून पुन्हा स्टार्टर मारला.

सासऱ्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी ओठ हलवले, गप्प आहे. ते लोकांकडे वळून ऐटीत म्हणाले, "ऐका. येतंय काही ऐकू? मलाही काही येत नाही." अंगणात टाळ्या पडल्या. सासूबाईंनी आणि मी एकमेकींकडे बघायचं टाळलं. काका पुढे होऊन सासऱ्यांचा हात धरून म्हणाले, "भाऊ, माझं डिझेल इंजिन पुन्हा एकदा बघता का?" सासरे म्हणाले, "आणा. पण सूनबाई घरात असताना आणा."

माणसं पांगल्यावर मी रॉकेलने हात धूत होते. सासरे पायरीवर माझ्या समोर येऊन बसले. मी विचारलंच, "बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तुझे वडील घर बघायला आले तेव्हापासून," ते म्हणाले. "स्टेशनवरून गाडीत बसले आणि दोन मिनिटांत माझ्याकडे वळून म्हणाले, पाव्हणं, चेन वाजतीया. मिशा केवढ्या त्यांच्या! अर्धं कळलं, अर्धं नाही. मग म्हणाले, पोरीच्या आईला सांगू नका, पण पोरीचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. रुखवतात चेन घालतो, तिच्याकडून बसवून घ्या."

"मग सांगितलं का नाही मला? पंधरा दिवस मी जॅक आणि नंबरप्लेट करत बसले!"

"मजा येत होती," ते म्हणाले. मग हसू ओसरलं. "आणि बघायचं होतं. मला ऐकू येत नाही हे तुला कधीतरी कळणारच होतं. कळल्यावर तू चार माणसांत बोलतेस की माझ्याकडे तोंड करून बोलतेस, ते बघायचं होतं. त्या रविवारी चेनचं मला माहीत होतं, पोरी. तुझं माहीत नव्हतं. म्हणून हात कापत होता."

माझे हात तसेच रॉकेलच्या डब्यात. मी म्हटलं, "पण दात तरी ठेवायचे होते. फोटोसाठी कोणी दात काढतं का?"

त्यांनी आधी घराच्या दाराकडे पाहिलं, नवरा आसपास नाही याची खात्री केली. मग माझ्याकडे वळून, सासूबाईंनाही कधी न सांगितलेलं मला सांगितलं.

"दात तर केव्हापासून दुखत होते. रात्र-रात्र झोप नव्हती. पण ते काढले की ऐकायचं संपलं, म्हणून धरून ठेवले होते. तुझे वडील बोलले त्या दिवशी म्हटलं, आता काढायला हरकत नाही. घरात कान येतायत."

त्यांनी रॉकेलचा डबा पुढे सरकवला, साबणाची वडी माझ्या हातावर ठेवली, आणि माझ्या ओठांकडे बघत उत्तराची वाट बघत बसले.